प्रतींची एकवाक्यता आणि विश्वासाचा प्रश्न : विखुरलेल्या संगणकीय सहकार्याचा इतिहास (१९७५–२०२४)

एकाच दस्तऐवजाच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी असाव्यात, त्या प्रत्येक ठिकाणी लिहिता याव्या आणि तरीही त्या एकमेकींशी जुळत राहाव्यात, ही अपेक्षा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. संगणकांच्या जाळ्यात मात्र ती अपेक्षा प्रथमच निःसंदिग्ध शब्दांत मांडावी लागली. कारण यंत्राला ‘समजून घे’ असे सांगून भागत नाही. या मांडणीचा इतिहास बहुधा गणिती सिद्धांतांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. तसे केल्याने एक गोष्ट झाकली जाते. प्रती जुळणे आणि प्रतींवर विश्वास ठेवता येणे हे दोन भिन्न प्रश्न आहेत. जवळजवळ तीन दशके त्यांचा अभ्यास करणारे लोकही बव्हंशी भिन्न होते. हे दोन प्रवाह एकत्र कसे आले, याचा मागोवा घेतला असता पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

१

आर्पानेट या अमेरिकी जाळ्याची पहिली चार केंद्रे १९६९ च्या अखेरीस जोडली गेली. पुढे पाच वर्षांतच एकाच नोंदवहीची प्रत अनेक केंद्रांवर ठेवण्याची गरज भासू लागली. जाळे वापरण्याची अनुमती कोणास आहे याची यादी, समजा, एकाच यंत्रावर ठेवली, तर ते यंत्र बंद पडताच सर्वांचेच काम थांबणार. जानेवारी १९७५ मध्ये बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेतील पॉल जॉन्सन व रॉबर्ट थॉमस यांनी या विषयावर एक टिपण प्रसृत केले. आर्पानेटच्या टिपणमालिकेत त्याचा क्रमांक ६७७ आहे. त्यांची योजना अशी : प्रत्येक फेरबदलाबरोबर तो केव्हा आणि कोणत्या केंद्रावर झाला याची मुद्रा लावावी, दोन फेरबदलांत विरोध आला, तर अलीकडची मुद्रा असलेला ग्राह्य धरावा, वेळही सारखीच निघाली, तर केंद्राच्या क्रमाने निर्णय करावा. प्रती काही काळ परस्परांशी न जुळणे त्यांनी प्रारंभीच पत्करले होते. सर्व फेरबदल सर्वत्र पोचले की प्रती एकरूप होतील, एवढीच त्यांची ग्वाही होती.

या टिपणातील सर्वांत सूक्ष्म भाग नोंद खोडण्यासंबंधीचा आहे. नोंद एका प्रतीतून समूळ काढून टाकली आणि तिच्यातील जुना फेरबदल दुसऱ्या केंद्राकडून उशिरा येऊन थडकला, तर ती पुन्हा जिवंत होते. कारण ती खोडल्याचे स्मरण कोणासच उरलेले नसते. म्हणून खोडलेली नोंदही ‘खोडली’ अशा खुणेसह जपावी आणि ही वार्ता सर्व केंद्रांस पोचल्याची खात्री पटल्यावरच तिचा अंतिम निकाल लावावा, असे जॉन्सन व थॉमस यांनी सुचविले. ही अडचण पुढे वारंवार भेटते. अॅमेझॉन कंपनीच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या ‘डायनॅमो’ या साठवण-व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातही ग्राहकाने खरेदीच्या यादीतून काढलेली वस्तू प्रतींचा मेळ घालताना क्वचित पुन्हा अवतरते, अशी कबुली आहे. बत्तीस वर्षांत यंत्रे सर्वस्वी बदलली होती. अडचण तीच होती.

हे टिपण मॅसॅच्युसेट्स कॉम्प्युटर असोसिएट्स या संस्थेतील लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या वाचनात आले. त्यांना त्यात एक दोष आढळला. एका केंद्रावरील गृहस्थाने नोंदीत बदल केला आणि दूरध्वनीवरून तो दुसऱ्या केंद्रावरील मित्रास कळविला. मित्राने ते ऐकून त्या नोंदीत आणखी बदल केला. परंतु मित्राच्या केंद्रावरील घड्याळ मागे असेल, तर नंतरचा बदल आधीचा ठरून बाद होईल. कारण आणि कार्य यांचा क्रमच उलटेल. सापेक्षतावादाशी परिचय असलेल्या लॅम्पोर्ट यांच्या हे ध्यानात आले की, दूर अंतरावरील दोन घटनांत ‘आधी’ व ‘नंतर’ हा भेद एका घटनेचा परिणाम दुसरीपर्यंत पोचू शकत असेल तेव्हाच निरपवाद अर्थाने करता येतो. १९७८ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात भिंतीवरील घड्याळाऐवजी साधा गणक सुचविलेला आहे. प्रत्येक केंद्राने प्रत्येक घटनेगणिक आपला आकडा वाढवावा, निरोपासोबत तो पाठवावा, आणि येणाऱ्या निरोपावरील आकडा मोठा असल्यास आपला आकडा त्याच्याही पुढे न्यावा. एवढ्याने कार्यकारणाचा क्रम अबाधित राहतो. अर्थात ज्या निरोपांची यंत्रास वार्ताच नाही त्यांच्यापुढे हा गणकही हतबल असतो, आणि वरील उदाहरणातील दूरध्वनी हा नेमका तसाच निरोप होय. त्यासाठी खरी घड्याळेच एकमेकांशी पुरेशी जुळवून ठेवावी लागतात. निबंधाच्या उत्तरार्धात लॅम्पोर्ट यांनी त्याचाच विचार केला आहे. नंतरच्या अध्यापनात मात्र हा उत्तरार्ध बहुधा वगळला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

येथवर कोणीही खोटे बोलत नाही. केंद्र मंद असेल, बंद पडेल, त्याचे घड्याळ चुकेल. पण ते जे सांगेल ते सर्वांना सारखेच सांगेल, हे गृहीत आहे.

२

हे गृहीत मोडले ते विमानविद्येच्या प्रांतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाची बचत करणाऱ्या विमानांचा विचार सुरू झाला. अशा विमानांचे संतुलन राखण्याचे काम वैमानिकाऐवजी संगणकावर सोपवावे लागणार होते. संगणक थांबला की विमान गेले. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या साहाय्याने कॅलिफोर्नियातील एस. आर. आय. संस्थेत ‘सिफ्ट’ नावाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याचे मूलतत्त्व असे की, एकच काम अनेक संगणकांनी करावे आणि बहुमताचे उत्तर खरे मानावे.

तीन यंत्रांपैकी एक बिघडले तरी दोघांचे मत टिकेल, हा विचार तोपर्यंत सर्वमान्य होता. रॉबर्ट शोस्टाक यांनी मात्र त्यातील उणीव दाखविली. तीन घड्याळांपैकी बिघडलेले घड्याळ नुसती चुकीची वेळ सांगत नाही. ते एकास एक वेळ आणि दुसऱ्यास दुसरी वेळ सांगू शकते. मग चांगल्या दोन घड्याळांपैकी प्रत्येकास वाटते की आपण आणि ते तिसरे जुळतो, दुसरेच चुकलेले आहे. चांगली दोन घड्याळे अशा रीतीने एकमेकांपासून तुटतात. एका बिघाडास तोंड देण्यासाठी तीन नव्हे, चार यंत्रे लागतात. मार्शल पीस यांनी हा निष्कर्ष व्यापक करून म बिघाडांसाठी किमान ३म+१ यंत्रे लागतात, असे सिद्ध केले. पीस, शोस्टाक व लॅम्पोर्ट यांचा निबंध १९८० साली आणि तोच प्रश्न वेढा घालून बसलेल्या सेनापतींच्या रूपकाने मांडणारा निबंध १९८२ साली प्रसिद्ध झाला. रूपकातील सेनापती प्रथम अल्बेनियाचे होते; जॅक गोल्डबर्ग यांनी जगात अल्बेनियन माणसे आहेत याची आठवण करून दिल्यावर ते बायझंटाइन झाले. त्या साम्राज्यातून तक्रार येण्याची भीती उरलेली नव्हती.

या निष्कर्षाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे, आणि ती तितकी प्रसिद्ध नाही. प्रत्येक निरोपावर खोटी करता न येणारी स्वाक्षरी असेल, तर ३म+१ ची अट गळून पडते. दोघांना दोन निराळ्या गोष्टी सांगणाऱ्याच्या दोन्ही सह्या समोरासमोर ठेवल्या की त्याचे पितळ उघडे पडते. अशा अंकीय स्वाक्षरीची कल्पना डिफी व हेलमन यांच्या १९७६ च्या निबंधाने सर्वतोमुखी झाली होती, आणि डिफी यांच्या परिचयामुळे लॅम्पोर्ट यांस ती त्याही आधी ठाऊक होती. दगाबाजी पूर्णपणे टाळणे अशक्य असले तरी दुटप्पीपणाचा पुरावा निर्माण करणे शक्य आहे, हा विचार येथे प्रथम दिसतो. त्याचे मोल पुढे वीस वर्षांनी कळावयाचे होते.

मधल्या काळात सिद्धांताची बाजू झपाट्याने पुढे गेली. एकही यंत्र थांबण्याचा संभव असेल आणि निरोपांच्या विलंबास मर्यादा नसेल, तर निश्चित नियमांनी चालणारी कोणतीही पद्धती एकमताची नेहमीच हमी देऊ शकत नाही, असे फिशर, लिंच व पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले. लॅम्पोर्ट यांची ‘पॅक्सोस’ पद्धती १९९० मध्ये लिहिली गेली. काल्पनिक ग्रीक बेटावरील विधिमंडळाच्या वर्णनाचे सोंग घेतल्यामुळे ती छापली जाण्यास १९९८ साल उजाडले. कास्ट्रो व लिस्कोव्ह यांनी १९९९ मध्ये दगाबाज केंद्रांना तोंड देणारी फाइल-व्यवस्था बांधून ती नित्याच्या व्यवस्थेहून सुमारे ३ टक्केच मंद आहे असे दाखविले. या सर्वांत एक समान सूत्र आहे : आधी एकमत, मग लेखन.

३

माणसे मात्र आधी लिहितात. सहलेखनाच्या अभ्यासकांचा प्रवाह या प्रश्नाकडे अगदी निराळ्या वाटेने आला. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील सभागृहात बसून मेन्लो पार्क येथील सहकाऱ्यासह एकाच पडद्यावर काम करून दाखविले होते. परंतु तेथे यंत्र एकच होते. प्रत्येकाच्या यंत्रावर निराळी प्रत ठेवून एकाच वेळी लिहिण्याचा प्रश्न क्लॅरेन्स एलिस व सायमन गिब्स यांनी १९८९ मध्ये मांडला. पाच शब्दांचे एक वाक्य आहे अशी कल्पना करावी. एक लेखक दुसऱ्या स्थानी नवा शब्द घालतो. त्याच क्षणी दुसरा लेखक चौथा शब्द खोडतो. ‘चौथा शब्द खोडा’ ही आज्ञा पहिल्याच्या प्रतीवर जशीच्या तशी अमलात आणली, तर भलताच, मूळचा तिसरा शब्द जाईल. तेव्हा ती पोचल्यावर ‘पाचवा शब्द खोडा’ अशी बदलून घ्यावयास हवी. एलिस व गिब्स यांनी हे रूपांतराचे नियम दिले.

नियम पटण्याजोगे होते आणि चुकीचे होते. तीन आज्ञा विशिष्ट गुंत्यात आल्या की प्रती कायमच्या भिन्न राहत, असे नव्वदीच्या दशकात निदर्शनास आले. त्यावर सुधारणा निघाल्या, त्यांच्या सिद्धताही छापल्या गेल्या. २००३ मध्ये इमीन व त्यांचे सहकारी यांनी त्यांपैकी कित्येक नियम यांत्रिक सिद्धतेच्या साहाय्याने तपासले, तेव्हा त्यांतही प्रतिउदाहरणे सापडली. समीक्षकांच्या नजरेतून गेलेली सिद्धता यंत्राच्या तपासणीत टिकू नये, ही घटना या क्षेत्राच्या इतिहासात लक्षणीय आहे. तिने पुढील संशोधनास वेगळे वळण लावले.

यातून दोन वाटा निघाल्या. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातील ‘ज्युपिटर’ व्यवस्थेने १९९५ मध्ये मधोमध एक सर्व्हर बसविला : प्रत्येक लेखकाचा व्यवहार त्याच्याशीच, आणि क्रम तो सांगेल तो. गुंता सुटला, गूगलच्या ‘वेव्ह’ या २००९ च्या व्यवस्थेने हाच मार्ग पत्करला. पण मध्यस्थ आला की त्याच्यावर विसंबणेही आले. दुसरी वाट अशी की, प्रत्येक अक्षरास कायमची ओळख द्यावी, खोडलेले अक्षर नाहीसे न करता खुणेसह जपावे, आणि फेरबदल कोणत्याही क्रमाने आले तरी परिणाम एकच होईल अशीच दस्तऐवजाची रचना करावी. नान्सी येथील संशोधकांनी २००६ मध्ये याचा एक नमुना दिला, आणि शापिरो, प्रेगिसा, बाकेरो व झाविर्स्की यांनी २०११ मध्ये त्यास व्यापक सिद्धांताचे रूप दिले. जॉन्सन व थॉमस यांची ‘खोडली’ ही खूण येथे छत्तीस वर्षांनी पुन्हा भेटते.

याच संशोधनकेंद्रातील ‘बेयू’ या १९९५ च्या व्यवस्थेचा वेगळा उल्लेख करावयास हवा, कारण तिने वापरणाऱ्या माणसापासून काहीच लपविले नाही. सभेसाठी खोली राखून ठेवणाऱ्यास आपली नोंद प्रथम ‘तात्पुरती’ म्हणून दिसे. प्रमुख केंद्राने क्रम ठरविल्यावर ती पक्की होई. तोवर ती दुसऱ्या वेळेवर सरकण्याचा संभव असे. अनिश्चिततेची ही प्रांजळ कबुली नंतरच्या व्यवस्थांत क्वचितच आढळते.

सहलेखनाच्या या सर्व वाङ्मयात शत्रू कोठेच नाही. सहकारी हा सहकारीच असतो. एकाच्या प्रतीत लबाडीने घातलेले वाक्यही सर्व प्रतींत सारख्याच तत्परतेने आणि पूर्ण सुसंगतपणे पोचते.

४

लिनक्स या मुक्त प्रणालीचा मूळ कार्यक्रम २००३ मध्ये ‘बिटकीपर’ नावाच्या भांडारात ठेवला जात असे. ते मालकीचे सॉफ्टवेअर वापरणे ज्यांना मान्य नव्हते अशांसाठी त्याची एक प्रतिकृती ‘सी. व्ही. एस.’ या जुन्या पद्धतीत तयार करून निराळ्या यंत्रावर ठेवलेली होती. नोव्हेंबर १९–२० च्या सुमारास डेबियन या प्रकल्पाच्या यंत्रांतही घुसखोरी झाली. लिनक्सच्या या प्रतिकृतीतील फेरफार मात्र त्याच्याही आधी, त्याच महिन्याच्या आरंभी उघडकीस आला. फेरफार अवघ्या दोन ओळींचा होता. ज्या भाषेत हा कार्यक्रम लिहिलेला आहे तिच्यात तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हे आणि मूल्य देण्यासाठी एक बरोबर-चिन्ह वापरतात. घुसवलेल्या ओळीत वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे काय, असे विचारल्यासारखे दिसत होते. प्रत्यक्षात एकच चिन्ह असल्यामुळे तो क्रमांक शून्य केला जात होता. शून्य क्रमांक म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. एक विशिष्ट, एरवी निरर्थक विनंती करणाऱ्या कोणासही अशा रीतीने सर्वाधिकार मिळाले असते.

तो पकडला गेला तो वाचनाने नव्हे. बिटकीपरमधून प्रतिकृती तयार करताना दोन्ही बाजूंची तुलना होत असे; त्या तुलनेत एक फाइल जुळेना. लॅरी मॅकव्हॉय यांनी ५ नोव्हेंबर रोजी हे जाहीर केले. मूळ भांडारात त्या फेरबदलाचा मागमूस नव्हता. तो करणारा कोण, हे कधीच निष्पन्न झाले नाही.

याच सुमारास डेव्हिड मॅझिएर व डेनिस शॅशा यांनी प्रश्न नेमका उलट्या टोकाने धरला. भांडार ठेवणारे यंत्रच शत्रूच्या हाती गेले आहे असे मानले, तर वापरणाऱ्यांच्या हाती काय उरते? २००२ च्या निबंधात आणि २००४ च्या ‘सुंदर’ या व्यवस्थेत त्यांनी उत्तर दिले. (इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले हे नाव मराठी वाचकास अनायासे अर्थपूर्ण वाटते.) प्रत्येक वापरकर्त्याने आपल्या लेखनावर आणि त्याने तोवर पाहिलेल्या इतिहासावर सही करावी. मग भांडारास नवी नोंद बनावट करता येत नाही. फार तर ते दोघांना दोन निराळे इतिहास दाखवू शकते. पण एकदा असे केले की ते दोन इतिहास पुन्हा कधीही एकत्र आणता येत नाहीत : एकाचे यापुढील कोणतेही लेखन दुसऱ्यास दाखविले की लबाडी उघड होते. म्हणजे दोघांनी भांडाराबाहेर, साध्या संभाषणात, ‘तू माझा कालचा बदल पाहिलास काय?’ एवढे विचारणे पुरे. एकास एक आणि दुसऱ्यास दुसरी वेळ सांगणारे शोस्टाक यांचे घड्याळ येथे भांडाराच्या रूपाने परत आले आहे, आणि १९८२ च्या निबंधातील स्वाक्षरीचा उपाय त्यावर लागू पडला आहे. दोन प्रवाहांचा संगम दाखवावयाचा तर तो येथे दाखविता येईल.

व्यवहारात मात्र प्रसार झाला तो ‘गिट’चा. बिटकीपरची सवलत संपल्यावर एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉर्वाल्ड्स यांनी ते काही दिवसांत उभे केले. त्यातील मुख्य कल्पना नवी नव्हती : मजकुरावरून काढलेला ठराविक लांबीचा ठसा, आणि ठशांचे ठसे, ही रचना राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये दिली होती; ग्रेडन होअर यांच्या ‘मोनोटोन’मध्ये ती २००३ पासून वापरात होती. हेबर व स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये दस्तऐवजांच्या तारखा सिद्ध करण्यासाठी अशीच साखळी सुचविली, आणि १९९५ पासून तिचा साप्ताहिक ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून येऊ लागला. छापील वृत्तपत्राच्या हजारो प्रती एकाच रात्री बदलणे कोणास शक्य नाही, हा त्यामागील विचार. गिटमध्ये प्रत्येक नोंदीत तिच्या पूर्वजाचा ठसा असतो. त्यामुळे शेवटच्या नोंदीचा ठसा जुळला की मागील सर्व इतिहास जुळला.

पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकांस येथे भेद सहज जाणवेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या संपादकांना पोथ्यांतील पाठभेदांवरून त्यांची वंशावळ अनुमानाने उभारावी लागली. गिटची पोथी आपली वंशावळ अंगावर घेऊनच जन्मास येते. मात्र तो पाठ योग्य होता की नाही, हे ती सांगत नाही. सुकथनकरांचा खरा प्रश्न तिला अज्ञातच आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सच्या मुख्य वितरणयंत्रांतच घुसखोरी झाल्याचे आढळले. आठ वर्षांपूर्वीच्या तुलनेत या वेळी कार्यक्रमाच्या इतिहासाविषयी फारशी चिंता करण्यात आली नाही : हजारो लोकांच्या यंत्रांवर पूर्ण प्रती होत्या आणि जुन्या नोंदीतील एकही अक्षर बदलले असते तरी पुढचे सर्व ठसे बदलले असते. या आश्वासनाची मर्यादा २३ फेब्रुवारी २०१७ रोजी दिसली. ॲमस्टरडॅमची सी. डब्ल्यू. आय. संस्था व गूगल यांच्या संशोधकांनी गिट वापरीत असलेल्या ‘शा-१’ पद्धतीत एकच ठसा असलेले दोन भिन्न दस्तऐवज प्रत्यक्ष तयार करून दाखविले. गिटमध्ये त्याच वर्षी अशा बनावटीचा सुगावा लावणारी तपासणी बसविण्यात आली, आणि २०२० मध्ये अधिक भक्कम ठशाची प्रायोगिक सोय झाली.

त्यानंतरचा आघात ठशांच्या वाटेने आलाच नाही. ‘एक्सझेड’ हा मजकूर संक्षिप्त करणारा छोटा कार्यक्रम असंख्य यंत्रांवर असतो आणि त्याची देखभाल दीर्घकाळ मुख्यतः एकाच व्यक्तीकडे होती. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कोणी २०२१ पासून त्यात उपयुक्त सुधारणा पाठविल्या, सहकाऱ्याचा विश्वास मिळविला आणि हळूहळू प्रकाशनाचा अधिकारही मिळविला. फेब्रुवारी व मार्च २०२४ मधील ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ प्रवेशाचे चोरदार होते. सही खरी होती, अधिकार खरा होता, प्रती जुळत होत्या. प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा शोध घेताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास ते सापडले आणि २९ मार्च रोजी त्यांनी ते जाहीर केले.

या प्रकरणातील एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. चोरदाराचा मुख्य भाग चाचणीच्या फाइलींत दडवून भांडारात ठेवलेला होता. परंतु तो कार्यान्वित करणारी ओळ भांडारात नव्हतीच. ती केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. गठ्ठा भांडारावरूनच तयार होतो, अशी सर्वांची समजूत असल्यामुळे त्या दोहोंची तुलना नित्यनेमाने करण्याचा प्रघात नव्हता; २००३ मध्ये मूळ आणि प्रतिकृती यांची तुलना होत असे, तीच ही तुलना.